सातबारा नसलेल्यांचे तज्ज्ञ कुठायत?

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. शाळा नववीत सुटली. तरी शेतीच्या बँकेवर लिहितोय. ‘तुला काय कळतं त्यातलं?’ असं ज्याला विचारायचंय त्यानं आधी माझ्या मायला विचारावं. गायरानातले धोंडे वेचून वेचून तिनं ज्वारी काढलीय.

तर नाबार्ड. शिवरामन समितीनं सुचवलं नि 12 जुलै 1982 ला ही बँक उभी राहिली. मुख्य कचेरी मुंबईत. बँकवाल्यांना खेड्यातलं कर्ज शिकवायला 1983 साली लखनौला संस्था काढली. चांगलं केलं. ज्याला माती कळत नाही त्यानं शेतीचं धोरण ठरवू नये, हे आम्हालाही पटतं. बँकेत घरची जाणती माणसं पाहिजेत. भाड्यानं आणलेला सल्लागार अहवाल टाकतो नि निघून जातो.

पण ही बँक स्वतः शेतकऱ्याच्या हातावर पैसे ठेवत नाही. ती दुसऱ्या बँकांना पैसा पुरवते. दरवर्षी जिल्ह्याजिल्ह्याचा कर्जाचा आराखडा करते. म्हणजे तिचं खरं हत्यार पैसा नाही, तिच्या अधिकाऱ्याचं डोकं आहे. त्या डोक्यात जो नाही तो आराखड्यात नाही. आराखड्यात नाही त्याला शाखेच्या दारात कोण उभं करणार?

मग त्या डोक्यात भरतात काय?

आमच्या वस्तीतला एक पोरगा तिथल्या साहेबाच्या परीक्षेचा अभ्यास करतो. त्याचं गाईड मी चाळलं. मातीचे प्रकार, जलसंधारण, कोंबड्या, मासे, वनशेती. सगळं आहे. फक्त जात आणि जमीन एका पानावर कुठं भेटली नाहीत. गायरान तर नाहीच नाही.

आता आकडा घ्या, साहेबलोकांना आकडा लागतो. 2011 च्या जनगणनेत अनुसूचित जाती शंभरात साडेसोळा. 2015-16 च्या कृषिगणनेत आमच्याकडं शंभरातली बारा खाती नि जमीन जेमतेम नऊ टक्के. बाकीचे कुठं गेले? दुसऱ्याच्या बांधावर, रोजानं.

ही जमीन आम्ही भीक मागून नाही घेतली. दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, तुरुंग भरले. 1991 साली सरकारनं ठरवलं, 14 एप्रिल 1990 पर्यंतची गायरानं कसणाऱ्याच्या नावं करायची. ठरवलं! माय अजून तलाठ्याच्या दारात चपला झिजवतेय. किसान क्रेडिट कार्ड 1998 पासून आहे. नियमात कूळ बसतं, बटाईदार बसतो, तोंडी बोलीवर कसणारा बसतो. माय शाखेत गेली तर तिथला बाबू म्हणाला, सातबारा आण. माय मालक नाही, कूळ नाही, बटाईदार नाही. सरकारी भाषेत माझी माय म्हणजे अतिक्रमण.

तज्ज्ञ कसा असतो ते सांगू? 1918 साली बाबासाहेबांनी हिंदुस्थानातल्या लहान शेतीवर निबंध लिहिला. तुकडे लहान म्हणून शेती बुडाली, असा ओरडा चालला होता. बाबासाहेब म्हणाले, नुसता तुकडा काय मोजता? भांडवल बघा, अवजार बघा, रिकामे पडलेले हात बघा. ह्याला म्हणतात शेती कळणं.

म्हणून मागणी साधी आहे. नव्या साहेबाला लखनौला जरूर पाठवा. पण तिथून आला की महिनाभर गायरानवाल्यांच्या वस्तीत ठेवा. खुरपणाऱ्या बायांना मास्तर करा नि मास्तरचा पगार द्या. जिल्ह्याच्या आराखड्यात एक पान बिनसातबाऱ्याच्यांचं घाला.

आणि मित्रा, तू. परीक्षा पास हो. साहेब हो. जिल्ह्याला जाशील तेव्हा आराखड्यावर तुझी सही असेल. त्या दिवशी माझी माय तुला अतिक्रमण दिसली, तर त्या गाईडानं तुलाही गिळलं असं मी समजेन.

जय भीम.