ट्रॅक्टर कारखान्याचा, ट्रॉली कोणाची?

ट्रॅक्टर घ्यायचा ठरला की घरात महिनाभर खल होतो. ताकद किती, डिझेल किती खातो, सुटे भाग तालुक्याला मिळतात का, उद्या विकायची वेळ आली तर काय येतील, सगळे विचारून होते. ट्रॉलीची पाळी आली की मात्र एकच प्रश्न उरतो : स्वस्तात कोण करून देतो? नांगरणी-वखरणी आटोपली की ट्रॅक्टर ट्रॉलीच ओढतो. हप्ता फिटायला हातभार लावते ती ट्रॉली, आणि उलटली तर घर बसवते तीही ट्रॉलीच.

मुंबईच्या उपनगरात, मालाड आणि बोरिवलीच्या मधे कांदिवली आहे. १९६३ साली महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली. तिचे ट्रॅक्टर कांदिवलीच्या कारखान्यात तयार होऊ लागले. १९७७ साली ती कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. अशा कारखान्यातल्या ट्रॅक्टरमागे इंजिनियरांचे नकाशे असतात, मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत त्याची चाचणी होते. त्याच ट्रॅक्टरच्या मागे आपण जे जोडतो, ते मात्र कित्येकदा भंगारातला आस, जुने टायर आणि नजरेच्या अंदाजाने मारलेले वेल्डिंग. दोष वेल्डिंगवाल्याचा नाही. गिऱ्हाईक मागते तेच तो देतो. तेव्हा मागायचे काय, हे आपल्याला कळले पाहिजे.

पहिली गोष्ट, माल कोणता? उसाची ट्रॉली पाहून कापूसवाल्याने ट्रॉली करू नये. कापूस आणि कडबा वजनाला हलके, पण जागा फार खातात. आपल्याला लांबी-रुंदी हवी. ती न मिळाल्यामुळे आपण माल उंच रचतो, आणि उंच रचलेली ट्रॉली नाल्याच्या उतारावर कलंडते. फाळके वाढवण्यापेक्षा बूड रुंद ठेवा. तीच ट्रॉली शेणखत, गाळ, मुरूम वाहणार असेल तर आस, पाटे आणि टायर त्या वजनाचे हवेत. जॅकची ट्रॉली खत-मुरूमवाल्याला परवडते; नुसत्या कापूस-कडब्यासाठी तिच्यात पैसा गुंतवू नये.

दुसरी गोष्ट, भार कुठे पडतो? बैलगाडी हाकलेल्याला हे शिकवायला नको. माल मागे गेला तर गाडी उलाळ होते, पुढे आला तर बैलांच्या मानेवर बसतो. दोन चाकी ट्रॉलीचे तेच आहे. थोडा भार ट्रॅक्टरच्या हुकावर आला तर मागची चाके काळ्या मातीत पकड धरतात. फार आला तर चढावर पुढची चाके उचलतात. चार चाकी ट्रॉली हुकावर फारसा भार टाकत नाही आणि सोडून ठेवली तरी उभी राहते, पण मागे घेताना चालकाची परीक्षा पाहते. कोणतीही घ्या, हूक खालच्या ड्रॉबारलाच लावा. उंचावर जोडलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागे पालथा पाडू शकते.

तिसरी आणि सर्वात मोठी गोष्ट, ब्रेक. समजा ट्रॅक्टर दोन टनांचा, रिकामी ट्रॉली दीड टनाची आणि माल तीन टन. म्हणजे दोन टनांच्या गड्याने उतारावर साडेचार टन रोखायचे. वेग दुप्पट झाला की ते रोखायला चौपट ताकद खर्ची पडते. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर ती ट्रॅक्टरला ढकलते, आडवी करते. ट्रॉलीवर रंगरंगोटी, नाव, चित्रे यांना पैसे निघतात; ब्रेकला आणि मागच्या लाल दिव्याला निघत नाहीत. हा हिशेब उलटा आहे.

चौथी गोष्ट, कागद. कायद्याने ट्रॉली हेही मोटार वाहनच आहे. तिची नोंदणी आणि विमा ट्रॅक्टरबरोबर आपोआप होत नाही. वीटभट्टीची माती वाहणाऱ्या ट्रॉलीवरचा मजूर जखमी झाल्याचे एक प्रकरण २००७ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. विमा शेतीकामाचा होता. न्यायालयाने सांगितले, ही जबाबदारी विमा कंपनीची नाही. कंपनीने भरपाई आधी द्यावी आणि मालकाकडून वसूल करावी. वेचणीच्या बाया ट्रॉलीत बसवून नेणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे. त्यांचा जीव गेला तर तो परत येत नाही, आणि मालकाची जमीनही जाते.

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, आपल्या मालाला बाजारात तोलूनमापून घेतात, काडीकचरा दाखवून भाव पाडतात. मग पैसे मोजताना आपणही तोलूनमापून घ्यायला शिकू या. ट्रॉली करायला टाकण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून घ्या : किती वजनाची, आस आणि टायर कोणते, ब्रेक कसले, नोंदणीचे कागद कोण देणार. लिहून देत नसेल त्याला इसार देऊ नका. गावातल्या चार-पाच जणांनी मिळून मागणी केली तर वेल्डिंगवालाही ब्रेक बसवायला शिकेल. सरकारी तपासणीची वाट पाहण्यापेक्षा हे लवकर होईल.