सातच्या बातम्या

वृत्तनिवेदक प्रदीप भिडे ७ जून २०२२ रोजी गेले. मुंबई दूरदर्शनच्या सातच्या बातम्या म्हणजे तेच, असं नातं जवळपास चार दशकं टिकलं. आमच्या जळगाव-धुळ्याकडे घरात बोली अहिराणी, नाहीतर तावडी. प्रमाण मराठीचे स्वच्छ उच्चार आमच्यापैकी अनेकांच्या कानावर रोज पडले ते त्यांच्याच तोंडून. दंगल असो, भूकंप असो, आवाज कधी चढला नाही. (आज वाहिन्यांवरचा आरडाओरडा ऐकताना हे फार जाणवतं.) वादळात आडव्या झालेल्या आमच्याकडच्या रावेर-यावलच्या केळीचं दुःखही भिडेंसारख्याच संयत आवाजात सांगायला हवं. दूरदर्शनने त्यांच्या बातमीपत्रांच्या उरलेल्या चित्रफिती सर्वांसाठी खुल्या कराव्यात. नव्या निवेदकांनी त्या आवर्जून ऐकाव्यात.