पैसा खात्यात, पण गावाला कोण विचारतो?



लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १५०० रुपये जुलै २०२४ पासून सुरू झाले. तेव्हापासून बाजारात, एसटीत एकच बोलणं ऐकू येतं, "फुकटच्या पैशानं बाया मजुरीला येईनात." हे बोलणारे बहुतेक मजूर लावणारेच असतात. घरात तेल-मीठ असेल तर बाई पडत्या मजुरीला नाही म्हणू शकते. त्यांचं दुखणं ते आहे. तेव्हा पहिलं पक्कं समजा, हा पैसा भीक नाय आणि कुणा पुढाऱ्याची ओवाळणी पण नाय. तो सरकारी तिजोरीतला आहे. साबण, काडेपेटी घेताना त्या तिजोरीत आपणही भर घालतो.

पण आपल्या पाड्यांवरचं बोलणं वेगळं आहे. "शेजारणीला आले, मला का नाय?"

२०२५ मध्ये सरकारनं सगळ्या बायांना ई-केवायसी करायला लावली. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येणार, तो भरायचा. आपल्याकडं रेंजसाठी टेकडी चढावी लागते, तोवर ओटीपीची मुदत संपते. वर नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार मागितला. ज्या बाईचा नवरा वारला आणि मरणाची नोंदच झाली नाही, तिनं काय करायचं? पैसा जातो आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात, आणि बाई दुसऱ्याच बँकेचं पासबुक घेऊन रांगेत उभी. आला तर काढायचा अंगठ्यावर. आवणी करून, फाटी वाहून झिजलेला अंगठा मशीनला ओळखू येत नाही. एक दिवस फुकट गेला की मजुरी बुडाली आणि गाडीभाडं पण गेलं.

पैसे बंद झाले तर कारण कोण सांगणार? अंगणवाडीताई म्हणते वरून बंद झाले, बँक म्हणते आमच्या हातात नाय.

आता वनहक्क कायदा आठवा. दावा फेटाळला तर दावेदाराला कळवावं लागतं, ६० दिवसांत अपील करता येतं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब पुरावा म्हणून चालतो. अंमलबजावणीत कितीही खोट असो, निदान भांडायला जागा आहे. ती जागा आपण लढून मिळवली. या योजनेत भांडायला समोर माणूसच नाही.

आणि १९९६ चा पेसा कायदा काय म्हणतो? गरिबी हटवायच्या आणि इतर योजनांचे लाभार्थी ठरवायची जबाबदारी ग्रामसभेची. कोण विधवा, कोण एकटी, कोणाची चूल कशी पेटते, हे गावाला माहीत आहे. मशीनला नाय.

म्हणून येत्या ग्रामसभेत हे करा:

१. पैसे न आलेल्या, बंद झालेल्या प्रत्येक बाईचं नाव वाचून लिहून घ्या.
२. ग्रामसभेची ओळख पुरावा धरावी, असा ठराव करा.
३. नाव काढायचं तर कारण लेखी द्या, अपिलाची मुदत द्या, अशी मागणी करा.
४. पैसे पाड्यावर येऊन वाटावेत, अंगठा उठला नाही तर दुसरी सोय असावी, हेही लिहा.

ठरावाची नक्कल तहसीलदाराला द्या आणि पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं म्हणतात, हे वनदाव्यात आपण भोगलंय.

शेवटचं एक. १५०० रुपये घ्या, पण जमिनीचा दावा सैल सोडू नका. वनहक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं मिळतो. पैसा एका बटणावर बंद होतो. पट्टा तसा बंद करता येत नाही.

जिंदाबाद!