नाव छापू, दाम मागू नका!

लोणार सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले आणि त्याची छायाचित्रे जगभर पोहोचली. वाढलेली क्षारता व तीत पोसणारे सूक्ष्मजीव हे त्याचे कारण, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने शोधून काढले. कारण शोधणाऱ्याला वेतन असते, बातमी लिहिणाऱ्यालाही असते. परंतु तालुक्याच्या गावी राहून अशी छायाचित्रे टिपणाऱ्याला पुष्कळदा एवढेच ऐकावे लागते : ‘तुमचे नाव छापू.’

याचे ठरलेले समर्थन असे की, कला ही साधना आहे, तिचा बाजार मांडू नये. हा उपदेश करणारे स्वतःचे वेतन व भत्ते मात्र सोडत नाहीत. कॅमेऱ्याचा हप्ता आणि एस.टी.चे भाडे साधनेने फिटत नाही. वस्तूची किंमत शून्य ठरविली म्हणून तिचा खर्च नाहीसा होत नाही. तो सर्वांत दुबळ्याच्या माथी जातो, इतकेच.

सारेच विनामूल्य काम त्याज्य आहे, असे नव्हे. शेगावला सेवेकरी आपण होऊन राबतात. एखाद्याने मोर्चाची छायाचित्रे स्वखुशीने दिली तर तो त्याचा अधिकारच आहे. देणारा ठरवितो ती सेवा. घेणारा ठरवितो ती वेठ. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये स्पष्ट केले की, दारिद्र्याच्या रेट्याने किमान वेतनाहून कमी मोबदल्यात राबावे लागणे हीदेखील राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदातील वेठबिगारच होय. छायाचित्रकार त्या मजुराइतका असहाय नसेल. पण ‘नाही म्हटले तर उद्या बोलावणार नाहीत’ ही भीती त्याच जातीची आहे.

खरा धोका याच्याही पुढे आहे. बातमीच्या छायाचित्रावर पोट भरत नाही म्हणून तो लग्नसमारंभ करतो. त्यात कमीपणा काहीच नाही. परंतु जो पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फलकावर जगतो, तो जिगाव प्रकल्पाच्या विस्थापितांची व्यथा त्याच पुढाऱ्याला अडचणीत आणील अशी कशी टिपणार? दाम नाकारल्याने कला शुद्ध राहत नाही, ती मिंधी होते. रास्त मोबदला हा कलेच्या सचोटीचा शत्रू नसून तिचा आधार आहे.

कायदाही येथे छायाचित्रकाराच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, नोकरीत नसलेल्या माणसाने मोबदल्याविना काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक तो स्वतःच असतो. म्हणजे ज्याने दाम दिले नाही त्याने हक्कही विकत घेतलेला नाही. तेव्हा जिल्ह्यातील छायाचित्रकारांनी संघटित होऊन किमान दर ठरवावेत, अटी लेखी घ्याव्यात आणि फुकट काम कोणासाठी करावयाचे हे स्वतःच ठरवावे.

आणि चळवळीतील आपण मंडळींनी? अधिवेशनात मंडपवाल्याचे देणे आपण चुकते करतो, छायाचित्रकाराला मात्र ‘कार्यकर्ता’ म्हणून गप्प बसवितो. शोषणाविरुद्धचा ठराव आणि त्या ठरावाचे वेठीने काढलेले छायाचित्र एकाच व्यासपीठावर शोभत नाहीत.