पाटीवर कामगार पुढारी, आत कंत्राटदार

चेन्नईच्या टपालावर एक पत्ता असतो : तिरु. वि. क. औद्योगिक वसाहत, गिंडी, चेन्नई 600032. टपाल व रेल्वे डाक सेवेतील आमच्या बंधूंच्या हातून तो अनेकदा गेला असेल. तिरु. वि. क. म्हणजे तिरु. वि. कल्याणसुंदरम. तमिळ साहित्यिक, पत्रकार आणि 1918 मध्ये बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीच्या कामगारांनी उभारलेल्या मद्रास लेबर युनियनचे एक अग्रणी. त्या संघटनेचे पहिले अध्यक्ष होते बी. पी. वाडिया.

चेन्नईच्या भेटीत आम्ही गिंडी स्थानकावर उतरून या वसाहतीत फिरलो. कामराज मंत्रिमंडळात आर. वेंकटरामन उद्योगमंत्री असताना, 1958 साली ती सुरू झाली. लहान कारखानदाराला शेड, वीज, पाणी एका जागी मिळावे, हा हेतू. काही शेडमधून आजही यंत्रांचा आवाज येतो. पण शेजारी ऑलिंपिया टेक पार्कसारख्या काचेच्या इमारती, शोरूम आणि कार्यालये उभी आहेत. येथे आता कल्पकतेचा व्यापार चालतो, असे सांगितले जाते. त्या इमारती झाडणारे आणि राखणारे हात मात्र कंत्राटदाराचे.

मराठी कामगाराला हे चित्र नवे नाही. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि गिरणगाव उद्ध्वस्त झाले. 1991 च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागेसाठी व एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी ठरला. 2001 मध्ये तो नियम फक्त रिकाम्या जमिनीपुरता आकसला आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. कमला मिलच्या आवारात स्टुडिओ, जाहिरात कंपन्या, उपाहारगृहे थाटली. 29 डिसेंबर 2017 च्या आगीत तेथे 14 जण गेले. त्याआधी तीनच महिने, 29 सप्टेंबरला, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीत 23 प्रवासी मरण पावले. जमिनीचे भाव वाढले, कार्यालये वाढली, पूल मात्र अरुंदच राहिला. शिव्या खाल्ल्या त्या स्थानकावरील रेल्वे कर्मचाऱ्याने!

बदलाला आमचा विरोध नाही. सरकारने उद्योगासाठी दिलेली जमीन दुसऱ्या कामी लावताना कामगारांची घरे, प्रवासाची सोय आणि सुरक्षितता यांचा हिस्सा आधी बाजूला काढला पाहिजे, ही आमची मागणी आहे. आणि नव्या इमारतींत शिरलेल्या कामगाराला संघटना हवी. 2016 मध्ये तमिळनाडू सरकारने संगणक क्षेत्रातील कर्मचारीही संघटना स्थापू शकतात, असे स्पष्ट केले. वाट मोकळी आहे, चालणारे हवेत.

सुरुवात घरापासून करू या. आपल्या स्थानकावरील कंत्राटी सफाई कामगार आणि खेड्यातील ग्रामीण डाक सेवक आपल्या शाखेच्या सभेला येतात काय? येत नसतील तर पुढच्या सभेचे पहिले निमंत्रण त्यांना द्या. तिरु. वि. क. यांचे नाव पाटीवर राहील. त्यांचे काम चालू ठेवणे आपल्या हाती आहे.