एका खेपेची किंमत

उपदंश, म्हणजे बोलीभाषेतील गरमी, या रोगावर वैद्यकशास्त्राने विजय मिळवून दीर्घ काळ लोटला. त्याचा जंतू जर्मनीत १९०५ मध्ये सापडला, पुढच्याच वर्षी वासरमान यांची रक्तपरीक्षा आली आणि १९४३ मध्ये पेनिसिलिनचा गुण सिद्ध झाला. असे असूनही, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली सुमारे ८० लाख प्रौढांना हा रोग नव्याने जडला. शास्त्र जिंकले असता समाज का हरतो, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी अर्थशास्त्रात आहे.

गरोदर स्त्रीवर उपचार झाले नाहीत, तर निम्म्याहून अधिक वेळा मृतजन्म, अकाली प्रसूती किंवा बाधित अर्भक असा शेवट होतो. तिला स्वतःला मात्र पुष्कळदा काहीच जाणवत नाही. आरंभीचा व्रण दुखत नाही व आपोआप भरून येतो. म्हणून रक्ततपासणीला पर्याय नाही. प्रसूतिपूर्व तपासण्यांत तिचा समावेश आहेच. तथापि जेथे रक्त दूरच्या प्रयोगशाळेत जाते, तेथे अहवालासाठी दुसरी खेप पडते. सरकारी हिशेबात ही तपासणी विनामूल्य असते. शेतमजूर स्त्रीला तिच्यापोटी गाडीभाडे आणि एका दिवसाची मजुरी मोजावी लागते. ती परत आली नाही, तर तिला अडाणी ठरविण्यात येते. वस्तुतः तिचा हिशेब चोख असतो.

बोटातील रक्ताच्या थेंबावर सुमारे वीस मिनिटांत निदान करणारी पट्टी आज उपलब्ध आहे. पूर्वी होऊन बरी झालेली बाधाही ती दाखविते, हा तिचा दोष मान्य करावाच लागेल. त्यासाठी दुसरी परीक्षा मागाहून करता येते. परंतु गर्भाच्या बाबतीत विलंबाची किंमत एका अनावश्यक इंजेक्शनाहून फार मोठी आहे. तेव्हा तपासणी व पहिले इंजेक्शन एकाच भेटीत व्हावे, आणि पतीलाही उपचारासाठी बोलवावे. अन्यथा बाधा पुन्हा घरातूनच येईल.

बेंझाथिन पेनिसिलिन इतके स्वस्त आहे की, उत्पादकांना त्यात फारसा नफा उरत नाही. गेल्या दशकात अनेक देशांत त्याची टंचाई झाली. अशा औषधासाठी शासनानेच दीर्घ मुदतीच्या खरेदीची हमी द्यावयास हवी.

मातेकडून अर्भकाला होणारा उपदंश निपटल्याची मान्यता क्यूबाला २०१५ मध्ये आणि श्रीलंकेला २०१९ मध्ये मिळाली. हे काही धनाढ्य देश नव्हेत. गरीब स्त्रीच्या एका दिवसाचे मोल ज्या व्यवस्थेला कळेल, तिलाच हे यश लाभेल.