खोक्यावर काय लिहिलंय, ते आधी वाचा

सेक्स टॉय आता महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी कुरिअरने घरपोच येतं. साधा खाकी खोका, आत काय आहे ते बाहेरून कळू नये अशी बांधणी. अशा वस्तू असाव्यात की नसाव्यात, यावर वाद घालायचा त्यांनी खुशाल घालावा. माझ्यासारख्या स्त्रीरोगतज्ज्ञासमोर पेशंट येऊन बसते, तेव्हा तो वाद संपलेला असतो. वस्तू घरात आलेली असते, वापरून झालेली असते. ती कशाची बनली आहे, कशी धुवायची, कुठे मुळीच वापरायची नाही, हे मात्र तिला कुणीच सांगितलेलं नसतं. शरीराच्या अत्यंत नाजूक भागाला लागणाऱ्या वस्तूची चौकशी करायला लाजायचं कारण नाही, आणि ती माहिती दडवून ठेवायची मुभा विकणाऱ्यालाही असता कामा नये. हे स्पष्ट सांगण्यासाठीच हा लेख लिहिते आहे.

सांगलीतल्या माझ्या दवाखान्यात तिशीतल्या एक शिक्षिका आल्या होत्या. अंगावरून जाणं, खाज, आग. दोन ठिकाणची औषधं घेऊन झाली होती. गोळ्या असेपर्यंत बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. सिस्टरना बाहेर पाठवल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, मी एक वस्तू वापरते. त्याच्यामुळे असेल का?" पुढच्या वेळी त्यांनी ती खोक्यासकट आणली. गुलाबी, अर्धपारदर्शक, हाताला चिकट लागणारी. खोका उघडताच नव्या रबराचा उग्र दर्प आला. खोक्यावर कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, वस्तू कशाची बनली त्याचा उल्लेख नाही. आतल्या चिठ्ठीत मान आणि खांदे दुखत असल्यास मसाजसाठी वापरावे, असं छापलेलं. त्या ती दर वेळी जंतुनाशकाच्या पाण्याने धूत होत्या, म्हणजे काळजी घेण्यात कुठेही कमी पडल्या नव्हत्या. पण अशा मऊ, जेलीसारख्या रबराला सूक्ष्म छिद्रं असतात. वरून कितीही धुतलं तरी आत जंतू राहतात, आणि तीव्र जंतुनाशकाने योनीच्या त्वचेची आग होते ती वेगळीच.

"म्हणजे मी हे करायलाच नको होतं ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तुमचं काहीही चुकलेलं नाही. वस्तू खराब होती. ती टाकून द्या, औषधं पूर्ण करा, आणि पुढची घेताना मला विचारा." त्या रडल्या. इन्फेक्शनपेक्षा, आपण काहीतरी वाईट करतोय या भावनेनेच त्यांना जास्त पोखरलं होतं.

तर घेताना पहिला प्रश्न विचारायचा, तो वस्तू कशाची आहे. मेडिकल ग्रेड सिलिकॉन, एबीएस नावाचं कडक प्लास्टिक, स्टेनलेस स्टील आणि बोरोसिलिकेट काच यांना छिद्रं नसतात, त्यामुळे ती नीट स्वच्छ होतात. जेली रबर, मऊ पीव्हीसी, टीपीई ही स्वस्त पडतात, पण पूर्ण स्वच्छ होत नाहीत. त्यातल्या मऊ पीव्हीसीत थॅलेट्स नावाची रसायनं असू शकतात. गरम वरण कुठल्याही प्लास्टिकच्या डब्यात ओतू नये, हे आपल्या स्वयंपाकघरात आता सगळ्यांना कळतं. तीच समज इथे लावायची. दर्प येतोय, हाताला चिकटतंय, कशाचं बनलंय ते लिहिलेलं नाही, यातलं एक जरी दिसलं तरी ती वस्तू घेऊ नये.

दुसरा प्रश्न, सुरुवात कशाने करायची. माझा सल्ला ठरलेला आहे: लहान, बाहेरून वापरायचा, कमी-जास्त वेग असलेला सिलिकॉनचा व्हायब्रेटर. त्यामागे शरीरशास्त्र आहे. स्त्रीच्या कामसुखाचं मुख्य केंद्र शिश्निका, म्हणजे क्लिटोरिस. बाहेर दिसतं ते तिचं टोक. तिचा मोठा भाग आत, योनिमार्गाच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असतो. ऑस्ट्रेलियातल्या मूत्ररोग शल्यविशारद हेलन ओ'कॉनेल यांनी 1998 साली तिची रचना तपशीलवार मांडली, तोवर अनेक वैद्यकीय पाठ्यपुस्तकांतही ती अपुरीच असायची. बऱ्याच स्त्रियांना नुसत्या संभोगाने तृप्ती मिळत नाही, याचं कारण या रचनेत आहे. त्यांच्यात काही कमी आहे, असा त्याचा अर्थ नाही. म्हणून आकाराने मोठी, दिसायला भडक वस्तू पहिल्यांदा घेण्यात काहीच हशील नाही.

वापरताना सगळ्यात कमी वेगापासून सुरुवात करावी. सोबत पाण्यावर आधारित ल्युब्रिकंट घ्यावं. ते औषधाच्या दुकानात मिळतं. सिलिकॉनच्या वस्तूला सिलिकॉनचं ल्युब्रिकंट लावलं तर तिचा पृष्ठभाग खराब होऊ शकतो. आपल्याकडे हाताशी खोबरेल तेल असतं, पण कंडोम वापरत असाल तर ते नको. तेलाने लॅटेक्स कमकुवत होऊन कंडोम फाटतो. दुखलं की थांबायचं. बधिर करणारी क्रीम लावून पुढे जायचं नाही, कारण दुखणं ही शरीराने दिलेली सूचना असते आणि क्रीम तीच बंद करते. जास्त वेळ जोराचं कंपन लागलं तर थोडा वेळ बधिरपणा येतो, तो आपोआप जातो. वापरून झाल्यावर सौम्य साबण आणि कोमट पाण्याने धुवायचं, पूर्ण कोरडं करायचं, स्वच्छ कापडी पिशवीत वेगळं ठेवायचं. मोटार नसलेली सिलिकॉनची किंवा स्टीलची वस्तू उकळूनही घेता येते. दोघांत एकच वस्तू वापरायची असेल तर दर वेळी नवा कंडोम चढवावा. गुदद्वारात वापरलेली वस्तू तशीच योनीत कधीही नेऊ नये. पेसमेकर बसवलेला असेल, गरोदरपण असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

गुदद्वाराबाबत एक नियम पाठच करावा: ज्या वस्तूला खाली रुंद बूड नाही ती तिथे वापरायची नाही. योनिमार्ग वरच्या टोकाला बंद असतो, त्यामुळे तिथे अडकलेली वस्तू सहसा हाताने काढता येते. मोठं आतडं मात्र वर उघडंच असतं आणि वस्तू आत ओढली जाऊ शकते. मिरजेतल्या माझ्या एका सर्जन मित्राकडे असे पेशंट येतात. घरातलीच कसलीतरी वस्तू अडकलेली असते, आणि लाजेपोटी दोन दिवस घरी काढलेले असतात. तोवर आतड्याला इजा होऊन बसते. असं झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. डॉक्टरांना यात नवल वाटत नाही, आणि तुमची गोष्ट कुणाला न सांगणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

अशाच पेशंटांमुळे जगात एक चांगली गोष्ट घडली. स्वीडनमधल्या एका सर्जनने या दुखापती पाहून पाठपुरावा केला, आणि 2021 साली आयएसओ 3533 हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. जननेंद्रियांच्या किंवा गुदद्वाराच्या संपर्कात येणाऱ्या या उत्पादनांची रचना, त्यांचं साहित्य आणि सोबत द्यायची माहिती कशी असावी, ते त्यात दिलेलं आहे. कडा कशा असाव्यात, बूड कसं असावं, अशा बारीकसारीक गोष्टींचा जगभरच्या तज्ज्ञांनी बसून विचार केला.

ही साधनं फक्त तरुणांची चैन आहेत, हा समजही सोडायला हवा. पाळी गेल्यावर योनीत कोरडेपणा येतो आणि संबंध दुखरे होतात. अशा बायका वर्षानुवर्षं नवऱ्याला टाळत राहतात. त्या दोघांमध्ये भांडण नसतं, पण जवळीकही उरत नाही. ल्युब्रिकंट, गरज असेल तर औषध, आणि बाहेरून हलकं कंपन, यांनी त्यांना खरोखर फरक पडतो. लग्नाला वर्ष उलटूनही संबंध न झालेली जोडपी येतात. बायकोच्या योनीभोवतीचे स्नायू भीतीने आपोआप आवळले जातात. त्यासाठी आम्ही लहानापासून मोठ्या आकाराचे डायलेटर, म्हणजे योनीत हळूहळू ठेवायच्या गुळगुळीत कांड्या, देतो आणि तिच्या कलाने, तिच्याच हातांनी वापरायला शिकवतो. मधुमेहामुळे ताठरता कमी झालेल्या पुरुषांना व्हॅक्युम पंप आणि शिश्नाच्या बुडाशी घालायची रिंग दिली जाते. रिंग अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवायची नाही. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल किंवा सिकल सेलचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच वापरायचं नाही. शिश्निकेला हलकं शोषण देऊन रक्तपुरवठा वाढवणाऱ्या एका उपकरणाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2000 सालीच मान्यता दिली. उपचार आणि सुख यांच्यात आपण घातलेली भिंत शरीराला ठाऊक नसते.

"हे आपल्या संस्कृतीत बसत नाही," असं मला अनेकदा ऐकवलं जातं. वात्स्यायनाच्या कामसूत्राच्या सातव्या अधिकरणात अशा साधनांची चर्चा आहे. त्यांना तिथे अपद्रव्य म्हटलं आहे, आणि ती सोनं, चांदी, तांबं, लोखंड, हस्तिदंत यांपैकी कशाची करावीत याचाही विचार आहे. म्हणजे वस्तू कशाची बनली आहे हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. अलीकडचं उदाहरण आपल्याच मराठी मातीतलं आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि 1927 पासून 1953 साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. वाचक लैंगिक शंका विचारत, कर्वे सरळ उत्तरं देत. त्या उत्तरांसाठी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि 1934 साली त्यांची बाजू न्यायालयात मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील ठरत नाही, हा आंबेडकरांचा मुद्दा आजही तितकाच खरा आहे. कर्व्यांना पत्रं लिहिणाऱ्यांच्या शंका आणि माझ्या पेशंटांच्या शंका यांत मला फारसा फरक दिसत नाही.

कायद्याची भीती बऱ्याच जणांना असते. भारतीय न्याय संहितेचं कलम 294 अश्लील वस्तूंच्या विक्री आणि प्रदर्शनाबद्दल आहे. घरात खासगी वापरासाठी वस्तू ठेवणाऱ्या प्रौढ व्यक्तीसाठी ते नाही. विक्रीची बाजू मात्र अजून धूसर आहे. वस्तू कामभावना चाळवते एवढ्यावरून ती अश्लील ठरत नाही, अशी भूमिका कलकत्ता उच्च न्यायालयाने 2011 साली घेतली. आयात केलेले बॉडी मसाजर लैंगिक खेळणी म्हणून वापरले जाऊ शकतात, असं ठरवून कस्टम्सने 1964 सालच्या अधिसूचनेखाली जप्त केले होते. ती जप्ती टिकली नाही. 2024 साली मुंबई उच्च न्यायालयाने कस्टम्सचं अपील फेटाळलं आणि ही कस्टम्स आयुक्तांची स्वतःची कल्पना असल्याचं म्हटलं. दुसरीकडे, 2021 साली गोव्यात कळंगुटला असं एक दुकान उघडपणे सुरू झालं आणि महिनाभरात बंद पडलं. उघड दुकान चालू शकत नाही, तिथे माल मसाजर म्हणून विकला जातो. मग वापराची खरी माहिती चिठ्ठीत छापताच येत नाही, आणि त्याची किंमत माझ्याकडे आलेल्या त्या शिक्षिकेसारखी माणसं मोजतात.

जोडप्यांसाठी एक सांगते. वस्तू घरात आणण्याआधी एकमेकांशी बोला. "माझ्यात काय कमी आहे?" हा प्रश्न नवऱ्याच्या मनात येणारच, त्याला रागावू नका, समजावून सांगा. नवऱ्यांनीही ऐकून घ्यावं. बायकोला कशाने बरं वाटतं हे कळणं म्हणजे संसारात विश्वास वाढणं. आणि तिने किंवा त्याने नको म्हटलं तर तो विषय तिथेच थांबला पाहिजे. इच्छेविरुद्ध वापरलेली कुठलीही वस्तू ही हिंसाच आहे. जे एकटे आहेत, विधवा आहेत, घटस्फोटित आहेत, त्यांनी स्वतःच्या शरीराला सुख दिलं तर त्यात कुणाचंही नुकसान नाही. हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही, दृष्टी जात नाही, मूल होण्यात अडथळा येत नाही.

सरकारकडे माझी मागणी साधी आहे. या वस्तूंना आंतरराष्ट्रीय मानकाच्या धर्तीवर भारतीय मानक बंधनकारक करा. खोक्यावर साहित्य, उत्पादकाचं नाव आणि वापराच्या खऱ्या सूचना मराठीसह भारतीय भाषांत छापायला लावा, आणि विक्री फक्त प्रौढांनाच होईल हे बघा. माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे की पेशंटने विचारलं तर भुवई उंचावू नका. तुमच्या एका कटाक्षाने ती व्यक्ती पुन्हा कधीच खरं बोलणार नाही. आणि वाचकहो, घ्यायचं की नाही हा निर्णय सर्वस्वी तुमचा. घेणार असाल तर चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण कशाचं बनलंय ते ज्यावर लिहिलेलं नाही ते घरात आणू नका. आणि त्रास झाला तर लगेच डॉक्टरकडे जाऊन सगळं खरं सांगा.